वजनकाटा नंतर, आधी पाळीच्या तारखा

राजारामपुरीतल्या एका मुलीने विचारलं आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "मॅडम, मी 24 वर्षांची आहे. उंची 156 सेंटीमीटर, वजन 71 किलो. बारावीपासून पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, यंदा तर साडेतीन महिने झाले तरी आलेली नाही. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना पीसीओडी लिहून आलंय. मागे सहा महिने गोळ्या घेतल्या तेव्हा पाळी वेळेवर यायची, बंद केल्या की पुन्हा तेच. मी एकच वेळ जेवते, तरी वजन हलत नाही. गूळ आणि भात सोडू का? या गाठींचं ऑपरेशन करावं लागेल का? घरात स्थळं बघायला लागलेत आणि आई रोज रडते. मला मूल होईल ना?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीचं काही तुझ्या कानात शिरणार नाही. हो, होईल अशीच शक्यता जास्त आहे. तुझ्या रिपोर्टमधलं पीसीओडी म्हणजेच पीसीओएस, बीज वेळेवर न फुटण्याचा हार्मोनचा आजार; तो असलेल्या बहुतेक बायकांना मूल होतं. काहींना आपोआप दिवस राहतात, काहींना बीज फुटण्यासाठी काही महिने गोळ्या लागतात, आणि त्याहून मोठे उपचार त्यातल्या थोड्यांनाच लागतात. कोल्हापुरात मी जवळजवळ 28 वर्षं बायका तपासते आहे. 'आमच्या पोरीला मूल होणार नाही' म्हणून माझ्यासमोर रडलेल्या किती आया नंतर बाळंतविडा घेऊन वॉर्डात बसलेल्या मी पाहिल्या आहेत. आईला हे आजच सांग.

आता तुझ्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट. ती 71 किलो नाही, साडेतीन महिने ही आहे. याच आठवड्यात कुठल्यातरी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव. खर्चाची अडचण असेल तर सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जा. तिथे पहिल्यांदा लघवीची गर्भचाचणी करायला सांगतील. वाईट वाटून घेऊ नकोस आणि आईलाही वाटू देऊ नकोस. पाळी लांबलेल्या प्रत्येक बाईची ती चाचणी करायची असते, लग्न झालेलं असो वा नसो.

साडेतीन महिन्यांत बिघडतं काय, हे समजून घे. आपल्याकडे उसाच्या फडावरून ते चटकन कळतं. दर महिन्याला बीजांडकोशातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं, जणू शेतात ऊस वाढतोय. महिन्याच्या मध्यावर बीज फुटलं की मागे राहिलेल्या भागातून प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होतं. ते अस्तर पक्कं करतं आणि दोन आठवड्यांनी त्याची पातळी उतरली की सगळं अस्तर एकदम सुटतं. तीच पाळी. तुझ्यात बीज फुटत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही, म्हणून तोडच येत नाही. ऊस मात्र वाढतोच आहे. तोड लांबलेला ऊस कसा लोळतो, त्याला तुरे येतात, तसं हे अस्तरही वेडंवाकडं वाढत जातं. मग कधी चार महिन्यांनी येते ती पाळी पंधरा दिवस थांबत नाही. वर्षानुवर्षं असंच चालू राहिलं तर त्या पेशींमध्ये कर्करोगाकडे नेणारे बदल होण्याचा धोका वाढतो. म्हणून 90 दिवस ही माझी लक्ष्मणरेषा आहे. त्यापलीकडे पाळी जाऊ द्यायची नाही. गर्भ नाही याची खात्री करून दहा-बारा दिवस प्रोजेस्टेरॉनची गोळी दिली, की संपल्यावर साधारण आठवडाभरात पाळी येते. उपाय इतका साधा आहे, तरी तो वेळेवर व्हावा लागतो.

हे मी अनुभवातून शिकले, आणि तो अनुभव एका मुलीला महाग पडला. वीसेक वर्षांपूर्वी कागलकडची एक मुलगी आली होती. वजन तुझ्याहून जास्त, पाळी वर्षातून दोन-तीनदा. मी तिला सांगितलं, "आधी दहा किलो कमी कर, मग बघू." ती कशी येणार परत? वजन उतरलं नाही, म्हणून तोंड दाखवायची लाज वाटली. पाच वर्षांनी आली ती दीड महिना न थांबलेला रक्तस्राव घेऊन. हिमोग्लोबिन 6 वर. अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, तर त्यात पेशींची अवाजवी वाढ निघाली. सुदैवाने कर्करोग नव्हता आणि औषधांनी ते मागे फिरलं. पण त्या पाच वर्षांत दर तीन महिन्यांनी एक गोळ्यांचा कोर्स दिला असता, तर तिच्यावर ती वेळ आली नसती. मी तिला वजन सांगितलं आणि पाळीचं सांगायचं राहून गेलं. तेव्हापासून 'वजन कमी करून या' एवढंच बोलून मी कुणालाही दारातून परत पाठवलेलं नाही.

आता त्या गाठींचं. त्या गाठी नाहीतच. सोनोग्राफीत दिसतात त्या बीजांच्या लहान पिशव्या, 2 ते 9 मिलिमीटरच्या, फुटण्याच्या वाटेवर अर्ध्यात थांबलेल्या. एका बीजांडकोशात 20 किंवा जास्त असल्या, किंवा बीजांडकोशाचं आकारमान 10 मिलिलिटर किंवा त्याहून जास्त भरलं, तर रिपोर्टमध्ये तसा शेरा येतो. ऑपरेशनची भीती आली कुठून, तेही सांगते. 1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी अशा सात बायकांचं वर्णन पहिल्यांदा नीट मांडलं. त्या काळी हार्मोन मोजायची सोय नव्हती. बीजांडकोशाची फोड कापून काढली की काहींची पाळी सुरू व्हायची, म्हणून तेच करत. पुढे कळलं की त्या कापाकापीने आत चिकटा धरतो आणि मूल राहण्यात उलट अडचण येते. आज दुर्बिणीतून बीजांडकोशाला बारीक छिद्रं पाडतात, तेही मूल हवं असून गोळ्यांनी बीज फुटत नसेल अशा निवडक बायकांनाच. गाठी काढून टाकू असं तुला कुणी म्हणालं, तर तिथून उठून ये आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे.

आणखी एक. नुसत्या सोनोग्राफीवर हा आजार ठरत नाही. 2003 पासून चालत आलेला नियम असा, की तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त असल्याच्या खुणा किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तिसऱ्यासाठी एएमएच या रक्तचाचणीचाही पर्याय दिला. पण शाळकरी पोरींसाठी तो नाही आणि सोनोग्राफीही नाही. पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं बऱ्याच निरोगी मुलींचे बीजांडकोश तसेच दिसतात. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला सोनोग्राफीवरून पीसीओडीचा शिक्का मारलेला पाहिला, की मला फार वाईट वाटतं, कारण पाळी बसायला तीन वर्षं लागू शकतात आणि तो शिक्का पोर जन्मभर वागवते.

तुझ्यात दोन गोष्टी जुळतात, म्हणजे निदान बहुधा बरोबर आहे. पण त्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) हे दोन्ही तपासले होते का? ते बिघडले तरी पाळी अशीच लांबते आणि त्यांचा उपचार अगदी वेगळा असतो. तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही. आधीच्या फायलीत बघ.

मग हे मुळात होतं कशाने? एकच एक कारण नाही. घरात वारसा असतो: आईची पाळी, वडिलांचा मधुमेह, आत्याच्या हनुवटीवरचे केस विचारले की बऱ्याचदा धागा सापडतो. पण तुझ्यासारख्या बऱ्याच जणींत मधली कडी इन्शुलिनची असते. जेवलं की साखर रक्तात येते आणि ती स्नायूंत पोचवायचं काम इन्शुलिन करतं. स्नायू त्याचं ऐकेनासे झाले की शरीर आणखी इन्शुलिन सोडतं. स्नायू ऐकत नाहीत, पण बीजांडकोश मात्र ऐकतो. जास्तीच्या इन्शुलिनमुळे तो पुरुषी हार्मोन जास्त बनवतो. यकृत त्या हार्मोनला धरून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं, म्हणून रक्तात ते मोकाट फिरतं. हनुवटीवर केस येतात, मुरुम येतात, भांगातले केस विरळ होतात, आणि बीजांच्या पिशव्या अर्ध्यात थांबतात. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळा पट्टा आला असेल तर तो मळ नव्हे. किती पोरींनी लिंबू आणि घासणीने ती मान सोलून घेतलेली मी पाहिली आहे. आई म्हणते, "नीट आंघोळ करत नाही." ती इन्शुलिनची खूण आहे. ती घासून जात नाही, इन्शुलिन उतरलं की हळूहळू फिकी होते.

वजनाचं कोडंही यातच आहे. इन्शुलिन जास्त असलं की चरबी साठायला मदत होते, पोटावर जास्त. पोटावरची चरबी वाढली की स्नायू आणखी बहिरे होतात. म्हणजे वजनाने आजार वाढतो आणि आजाराने वजन. यात तुझा आळस किंवा जिभेचा लोभ शोधत बसणाऱ्या नातेवाइकांना हे वाचून दाखव. आणि हे फक्त जाड मुलींचं दुखणं नाही. 48 किलोच्या पोरीही माझ्याकडे हेच घेऊन येतात. आपल्या लोकांची घडणच अशी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं, की आपली बाळं वजनाने हलकी पण चरबीने भरलेली जन्मतात, स्नायू त्यामानाने कमी. म्हणून आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 23 च्या वर गेला की वजन जास्त, 25 च्या वर लठ्ठपणा असं धरतात, आणि बाईची कंबर 80 सेंटीमीटरच्या वर गेली की जपायला सांगतात. तुझा बीएमआय 29 च्या आसपास येतो. टेपने कंबर मोजून तो आकडा लिहून ठेव, किलोपेक्षा मला त्यात जास्त रस आहे.

किती उतरवायचं? सुरुवातीला 71 पैकी साडेतीन किलो. खरंच तेवढंच. वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरले की बऱ्याच जणींची पाळी जवळ यायला लागते. 55 किलोचं स्वप्न बघून महिनाभर उपाशी राहण्यापेक्षा सहा महिन्यांत साडेतीन किलो उतरवणं आणि ते उतरलेलं टिकवणं कितीतरी मोलाचं. उतरलं नाही, तरी चालणं सोडायचं नाही. काटा जागेवर असतानाही स्नायू सुधारत असतात आणि कंबर कमी होत असते.

तू एकच वेळ जेवतेस म्हणालीस. हे तपासणीच्या खोलीत मी रोज ऐकते: "मॅडम, मी तर काय खातच नाही ओ." मग दिवसभराचं विचारलं की कळतं, सकाळी चहा, दुपारी चहा आणि बिस्किटं, संध्याकाळी भूक अनावर होऊन दोन वडापाव, आणि रात्री दहाला ताट भरून भात. यात पोर खोटं बोलत नाही. ताटावर बसून जेवलेलंच जेवण म्हणायची आपली पद्धत आहे. तू आधी सकाळचं खाणं सुरू कर. पोटात काही असलं की संध्याकाळी हात कमी सुटतो.

गुळाबद्दल स्पष्ट सांगते, कारण कोल्हापुरात हे सांगताना लोक दुखावतात. गूळ ही आपली शान आहे, मलाही गुऱ्हाळावरची गरम काकवी आवडते. पण साखर सोडून चहात गूळ घातला म्हणून इन्शुलिनला फरक पडत नाही. गुळातही मोठा भाग साखरच असते. दिवसातून चार कप गुळाचा चहा म्हणजे चार कप साखरेचाच चहा. सणाला पोळीबरोबर खा, रोजच्या चहातून काढ.

भात सोडू नकोस, कमी कर. ताटात आधी भाजी आणि डाळ-उसळ वाढून घे, मग भाकरी, भात शेवटी एक वाटी. ज्वारीची भाकरी आपल्याकडे आहेच. गगनबावडा, शाहूवाडीकडची नाचणी मिळाली तर आठवड्यातून दोन-तीनदा ती घे. मटकी, चवळी, हुलगे रोज काहीतरी असू दे. हुलग्याचं माडगं तिखटमिठाचं कर, गुळाचं नको. अंडं खात असशील तर सकाळी दोन अंडी. आणि मटणाच्या दिवसाबद्दल एक बोलते, रागावू नका घरातल्यांनो. तांबडा-पांढरा होतो तेव्हा फोडी पुरुषांच्या ताटात जातात आणि मागून बसलेल्या बायकांना रस्सा आणि भात उरतो. आपल्या मुलींना प्रथिनं कमी मिळतात त्याचं एक कारण त्या पंगतीत आहे. तुझ्या ताटात फोडी पडल्या पाहिजेत.

उपवासाचंही तसंच. मंगळवार, शुक्रवार, संकष्टी धरून आठवड्यातून दोन दिवस साबुदाणा, वरीचे तांदूळ आणि बटाटा पोटात गेला, तर तो निव्वळ पिठूळ आहार होतो. उपवास कर, पण दही, ताक, शेंगदाणे, राजगिरा आणि फळ यांच्यावर कर. पाकिटातल्या महागड्या पावडरी, 'पीसीओडी डाएट'चे तक्ते, यातलं काही लागत नाही. अमुकच आहार दुसऱ्यापेक्षा सरस, असं अजून सिद्ध झालेलं नाही. जो तुझ्या घरच्या चुलीवर वर्षभर चालेल तोच चांगला.

व्यायामात आपल्या मुली फक्त चालतात. रंकाळ्याला फेरी मारतात, विद्यापीठाच्या रस्त्याने जातात. छान आहे ते, आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालायलाच हवं, वजन उतरवायचं तर 250 पर्यंत. आणि रोज रात्री जेवणानंतर 15 मिनिटं घराजवळ चाललीस तर जेवणाची साखर तिथल्या तिथे खर्ची पडते. पण रक्तातली साखर ओढून घेतो तो स्नायू, आणि स्नायू नुसत्या चालण्याने फारसा वाढत नाही. ज्या गावात पेठेपेठेत तालीम आहे, त्या गावाच्या पोरींना बैठका कुणी शिकवू नयेत, याची मला खंत वाटते. आठवड्यातून दोन दिवस तरी बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या किंवा डंबेल उचलणं एवढं कर. पुरुषासारखं अंग होईल ही भीती मनातून काढ. एवढ्याने ते होत नाही, उलट पुरुषी हार्मोनचा जोर उतरायला मदत होते.

आता गोळ्या. तू सहा महिने घेतल्यास त्या बहुतेक गर्भनिरोधक गोळ्या असणार. बऱ्याच घरांत असं होतं की आईच्या हाताला पाकीट लागतं, वर 'गर्भनिरोधक' वाचते आणि घरात वादळ उठतं. त्यांचा इथला उपयोग वेगळा आहे: त्या अस्तराला बेताने वाढू देतात, दर महिन्याला ते उतरवतात आणि पुरुषी हार्मोन कमी करतात. घेतेस तोवर काम करतात, बंद केल्यावर शरीर मूळच्या चालीवर येतं. म्हणजे त्या फसल्या असं नाही, किंवा सवय लागली असंही नाही. चष्मा काढला की पुन्हा अंधुक दिसतं, म्हणून चष्म्याने डोळे बिघडले असं आपण म्हणत नाही. पुढे मूल होण्यावरही त्यांचा वाईट परिणाम राहत नाही. पण सगळ्यांना त्या चालत नाहीत. रक्तदाब जास्त असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी स्वतःला किंवा जवळच्या नात्यात झाली असेल, डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येत असेल, तर डॉक्टरांना आधी सांग. अशा वेळी नुसतं प्रोजेस्टेरॉन देऊन भागवता येतं.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचं नाव ऐकलं की "मला काय शुगर आहे?" असं पोरी विचारतात. शुगर नसतानाही ती स्नायूंचे कान उघडायला मदत करते. वजन जास्त असलेल्यांना तिचा जास्त उपयोग. जेवणानंतर 500 मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवली तर मळमळ, जुलाब कमी होतात. वर्षानुवर्षं घेणार असशील तर बी12 तपासत राहायचं. इनोसिटॉलच्या पुड्यांचा आपल्याकडे फार सुळसुळाट आहे. त्यांनी अपाय फारसा नाही, पण फायद्याचा पुरावा अजून तोकडा आहे आणि महिन्याचा खर्च मात्र मोठा. हातात पैसे मोजके असतील तर मी तो खर्च अंडी-डाळीवर करायला सांगेन. काढा घेत असशील तर घे, मला सांगून घे. ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती मात्र नको. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड, यांच्याबद्दलही हल्ली विचारतात. वजन त्यांनी उतरतं, पण ती गरोदरपणात चालत नाहीत, दिवस राहू द्यायच्या बऱ्याच आधी बंद करावी लागतात. लग्न तोंडावर आलेल्या मुलीने ती परस्पर सुरू करणं मला बिलकूल मान्य नाही.

कोल्हापुरातल्या एका गोष्टीबद्दल वेगळं बोलावंच लागेल. नवरात्र आलं, जोतिबाची चैत्री यात्रा आली, घरात सत्यनारायण ठरला, की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या परस्पर आणल्या जातात. देवीचं दर्शन कुणी कसं घ्यावं यावर मी बोलत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण तुझ्यासारखीचं अस्तर आधीच महिनोन्‌महिने साचलेलं असतं. त्यात वर्षातून चारदा असं ढकललं, की नंतरचा रक्तस्राव पोरीला अंथरुणाला खिळवतो, आणि खरी पाळी कधीची हेच कुणाला सांगता येत नाही. शिवाय गुठळीचा धोका असलेल्या बाईला त्या गोळ्याही घातक ठरू शकतात. विचारल्याशिवाय घेऊ नकोस, आणि शेजारणीच्या उरलेल्या तर अजिबात नको.

चेहऱ्यावरच्या केसांना गोळ्यांचा फरक दिसायला किमान सहा महिने लागतात, कारण केसाचं चक्रच तेवढं लांब असतं. तोवर थ्रेडिंग कर, लेझर कर, काही वाईट नाही, त्याने केस वाढत नाहीत. मात्र दोन-तीन महिन्यांत केस एकदम वाढले, आवाज घोगरा झाला, तर थांबायचं नाही. ते पीसीओएसचं लक्षण नव्हे, त्याचा वेगळा तपास लागतो.

लग्नाचं. 'लग्न झालं की पाळी सुरळीत होते' असं तुला चार जणी सांगतील. लग्नाने हार्मोन बदलत नाहीत. आणि 'पाळीच येत नाही, मग दिवस कसले राहतात' हाही तेवढाच चुकीचा समज आहे. बीज कधीतरी न सांगता फुटतं, म्हणून मूल लगेच नको असेल तर काळजी घ्यावीच लागते. स्थळाला सांगावं का? माझं मत विचारशील तर मुलाशी बोलणं पक्कं व्हायच्या आत तू स्वतः सांग, आईने किंवा मध्यस्थाने नाही. लपवलेल्या गोळ्या सासरच्या कपाटात सापडल्यानंतरचे प्रसंग मी पाहिले आहेत. आजारापेक्षा लपवल्याचा राग मोठा होतो. ज्याला ही गोष्ट पेलत नाही, तो पुढे मधुमेह, बाळंतपण काय पेलणार?

मूल हवं होईल तेव्हा बीज फुटण्यासाठी लेट्रोझोल ही गोळी पहिली निवड असते. आपल्याकडे 2011 मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली होती आणि 2017 मध्ये ती उठली, म्हणून जुनी माणसं तिच्या नावाने घाबरतात. 2014 मध्ये अमेरिकेत 750 बायकांवरचा अभ्यास छापून आला, त्यात लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी 27.5 टक्क्यांना जिवंत मूल झालं, क्लोमिफीन या जुन्या गोळीने 19.1 टक्क्यांना. तेही पाच महिन्यांपर्यंतच्या उपचारात. दिवस राहिल्यावर मात्र साखर लवकर तपासायची, कारण गरोदरपणातला मधुमेह पीसीओएसवाल्यांना जास्त होतो.

आईच्या रडण्याबद्दल लिहिलंस, तुझ्या रडण्याबद्दल नाही. नैराश्य आणि चिंता या आजारात इतर मुलींपेक्षा जास्त आढळतात, म्हणून मी प्रत्येकीला विचारते: झोप लागते का, कशात मन रमतं का, जगणं नकोसं वाटतं का? यातलं काही असेल तर तेही दुखणंच आहे, त्यालाही उपचार आहे. सरकारच्या 14416 या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. आणि घरच्यांनी पंगतीत, लग्नात, चारचौघांत हिच्या ताटाकडे आणि अंगाकडे बघून बोलणं आजपासून बंद करावं. त्या बोलण्याने एकीचंही वजन उतरलेलं मला माहीत नाही. चोरून खाणं तेवढं वाढतं.

तपासायला जाशील तेव्हा कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी तुझ्या पाळीच्या तारखा लिहिलेल्या असतील, तर ते पान घेऊन जा. मागच्या वर्षभरात आठापेक्षा कमी पाळ्या आल्या का, हे त्यातून लगेच कळतं. रक्तदाब आणि रक्तातल्या चरबीची तपासणी करून घे. साखरेसाठी नुसती उपाशीपोटीची पुरत नाही, 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनीची बघ. तिथे 140 च्या आत हवी. 140 ते 199 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी अंगात रक्त कमी असलं की चुकीची येऊ शकते, म्हणून हिमोग्लोबिनही त्याच वेळी कर. सकाळी काही न खाता जा, आईला बरोबर घे, आणि तिथे दोन तास बसावं लागेल, तर डब्यात घरची भाकरी-उसळ असू दे. चाचणी झाली की तिथेच बसून दोघी खा.